हातावरच्या शिरा

वजू करताना हातावरून पाणी ओघळते आणि मनगटापुढच्या निळसर शिरा उठून दिसतात. पन्नाशीनंतर त्या आपल्याही हातावर येतात, पण पहिल्यांदा पाहिलेल्या असतात आईच्या हातावर. आमच्या अम्मीने सोलापुरात आयुष्यभर विड्या वळल्या. तिचे हात पाहून आम्ही भावंडे म्हणत आलो, 'या शिरा कष्टाच्या आहेत.' म्हणताना डोळे भरून यायचे. खरे सांगायचे तर, बरेही वाटायचे.

शरीरशास्त्र मात्र इतके भावुक नाही. वयाबरोबर कातडी पातळ होते, तिला भक्कम आणि लवचिक ठेवणारी कोलॅजन व इलॅस्टिन ही प्रथिने घटतात. हाताच्या पाठीवर चरबी मुळातच थोडी, तीही झिजते. शिरांच्या भिंती सैलावतात, आतल्या झडपा कमजोर होतात, शिरा रुंदावतात. श्रमाने शिरा फुगतात, उन्हाने कातडी लवकर विरते, हे खरेच. पण ज्या हाताने कधी काम केले नाही त्यावरही त्या येतात.

आमच्या खालाचे पाय आणि उजवा हात पोलिओने लहानपणीच गेले. तिने एक विडी वळली नाही, चूलही तिच्याकडे कधी आली नाही. तिच्या डाव्या हातावर अगदी अम्मीसारख्याच शिरा. मग अम्मीचे हात आम्ही डोळ्यांना लावत होतो ते कशासाठी? कष्टाची परतफेड म्हणून? तसे असेल तर खालाचे आमच्याकडे काहीच येणे निघत नाही. आणि आम्ही वागलोही तसेच. ईदला अम्मीला नवी साडी, खालाला घरातलीच एखादी धुऊन इस्त्री केलेली. यात कुणाला काही खटकले नाही, खालालाही नाही. निदान ती बोलली नाही. थोरांची अदब राखावी हे लहानपणापासून ऐकलेले. त्या अदबीला आम्ही मजुरीचा हिशेब लावला होता.

मागच्या हिवाळ्यात खालाला दवाखान्यात ठेवले. सलाईनसाठी सिस्टर शीर शोधत होत्या. शीर तर लांबूनही दिसत होती, पण सुई टेकली की बाजूला सरकायची. म्हातारपणी शिरेला भोवतालचा आधार राहत नाही, त्या म्हणाल्या. कातडी ताणून हात घट्ट धरायला त्यांनी आम्हाला सांगितले. हात हलका होता, गार होता. तो कसा धरायचा, हे आम्हाला चटकन कळेना.