डोळा कोणी घडविला?



मुलाचे डोळे आले की देवीला चांदीचे डोळे वाहायचे, ही रीत आपल्या कित्येक घरांत होती. दीक्षा घेतली तरी मन विचारतेच : एवढा नाजूक डोळा कर्त्यावाचून कसा झाला? हा प्रश्न दाबू नका, तपासा.

पावसाळ्यात आपल्या केळापूर तालुक्यातील कोणत्याही शेतात रात्री जा. गांडुळावर बॅटरीचा उजेड टाका. ते बिळात सरकेल. त्याला डोळे नाहीत, पण कातडीत उजेड जाणणाऱ्या पेशी आहेत. गोड्या पाण्यातील प्लानेरिया या चपट्या किड्याला दोन ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे काळ्या रंगाची इवलीशी वाटी. ती एका बाजूचा उजेड अडविते, म्हणून उजेड कोठून येतो हे त्याला कळते. गोगलगाईच्या लांब शिंगांच्या टोकांवर तर भिंगाचे डोळे आहेत.

गांडुळाची गोगलगाय झाली, असे नव्हे. पण डोळ्याची प्रत्येक पायरी ज्याच्याजवळ आहे त्याच्या उपयोगाची आहे, हे यातून दिसते. डार्विनने १८५९ साली हेच दाखविले. १९९४ साली निल्सन आणि पेल्गर या स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. दर पिढीत अगदी थोडा फरक धरला, तरी उजेड जाणणाऱ्या सपाट कातडीपासून माशासारखा डोळा होण्यास ४ लाखांहून कमी पिढ्या पुरतात. सृष्टीजवळ तर कोट्यवधी वर्षे होती!

कारणावाचून काही घडत नाही, हाच तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद. ईश्वर सृष्टीचा कर्ता आहे ही श्रद्धा धम्मात बसत नाही, हे परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. निसर्गात उच्चनीच नाही. ज्याचे जसे जगणे, तशी त्याची दृष्टी. माणसाच्या डोळ्यातही एक आंधळा ठिपका आहेच. मग जन्मावरून माणसाला नीच ठरविणाऱ्यांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिले?

म्हणून मुलाचे डोळे आले तर डॉक्टरकडे चला. घरची म्हातारी अजून देवीपुढे हात जोडत असेल, तर तिला हिणवू नका. अंधार आणि उजेड यांतला भेद कळणे हीदेखील डोळ्याची पहिली पायरीच होती. तिचा हात धरून शेतात न्या, बॅटरी तिच्याच हाती द्या. 'या आणि पाहा' असे आपला धम्म सांगतो; 'डोळे मिटून माना' असे सांगत नाही.

जयभीम!