शाकारणी

अलिबाग-मुरुडकडच्या वाड्यांतून जी कौलारू घरे अजून उभी आहेत, त्यांची मृगापूर्वी शाकारणी करावी लागते. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची, सांध्यांत साचलेला पाचोळा झाडायचा आणि कौले पुन्हा जागच्या जागी रचायची. काम संपले की रस्त्याने जाणाऱ्याला घर कालच्यासारखेच दिसते. खर्च झाला, पण दाखवायला काही नाही!

संगणकाच्या जगातही अशी शाकारणी असते. तिला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी १९९९ साली यावर एक ग्रंथच लिहिला. प्रोग्रामचे बाहेरचे वागणे मुळीच न बदलता आतली मांडणी सुधारायची, एवढाच त्याचा अर्थ. आता प्रश्न असा, की जे चालते आहे त्याला हात का लावावा? आणि लावायचाच, तर केव्हा?

वाचकहो, हा प्रश्न नुसता यंत्रविद्येचा नाही. पण यंत्रवाल्यांनी तो मोजून पाहिला आहे, म्हणून त्यांच्याकडून थोडे शिकावे. थॉमस मॅकेब या गणितज्ञाने १९७६ साली गुंतागुंतीचे एक माप सुचवले. प्रोग्राममध्ये 'जर असे, तर तसे' असे जितके फाटे फुटतात, ते मोजावेत आणि त्यांत एक मिळवावा. एखाद्या भागाचा आकडा दहाच्या वर गेला की सावध व्हावे. भीती अनाठायी नाही. एकापुढे एक असे दहा स्वतंत्र फाटे आले, तर जाण्याच्या वाटा १०२४ होतात. इतक्या वाटा कोणाच्या ध्यानात राहणार?

तरीही आकडा म्हणजे निवाडा नव्हे. बारा महिन्यांचे दिवस सांगणारी सरळ यादी बारा फाट्यांनी लिहिली, तर ती दहाची मर्यादा ओलांडते. पण पोराला विचारा, ती सहज वाचील. उलट तीनच ओळींचे एखादे कोडे या मापात निर्दोष ठरते आणि वाचणाऱ्याचा मात्र घाम काढते. ताप किती हे तापमापक सांगतो. औषध द्यायचे की नाही, हे वैद्याने ठरवायचे असते.

हा निर्णय दोन्ही बाजूंनी चुकतो. अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअरव्यवहाराच्या कंपनीने वर्षानुवर्षे न वापरलेला एक जुना भाग प्रोग्राममध्ये तसाच पडू दिला होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नव्या बदलाबरोबर तो अचानक जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. दुसरीकडे नेटस्केपने १९९८ मध्ये आपला ब्राउझर जवळजवळ मुळापासून नव्याने लिहायला घेतला. तो यायला २००० साल संपत आले आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टने काबीज केला होता. एकाने पाचोळा झाडला नाही, दुसऱ्याने घरच पाडले.

मग कसोटी कोणती? मला वाटते, आधी पाहावे की या भागात वारंवार जावे लागते का? माळ्यावरचा जो कोपरा गळत नाही आणि जिथे कोणी फिरकत नाही, तो गुंत्याचा असला तरी राहू द्यावा. मग पाहावे की काम बिघडले नाही, हे पडताळता येईल का? शाकारणी नीट झाली की नाही, हे पहिला पाऊस सांगतो; प्रोग्रामवाल्याला मात्र चाचण्या लिहून तो पाऊस आधीच पाडून पाहता येतो. ज्याने ती तयारी केली नाही, त्याने कौलाला हात लावू नये. आणि शेवटी, हे मी कोणासाठी करतो आहे? माझ्या मनाला नीटनेटकेपणा रुचतो म्हणून दुसऱ्याचे चालते घर उकलणे ही हौस झाली, कर्तव्य नव्हे.

कर्तव्य निराळे आहे. गुंता करणारा बहुधा बढती घेऊन पुढे गेलेला असतो. मध्यरात्री जागतो तो त्याच्यामागून आलेला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली अशा घाईच्या कामाला कर्जाची उपमा दिली. ती बरोबरच आहे. पण इथे कर्ज काढणारा एक आणि व्याज भरणारा भलताच, ही त्यातली नैतिक गोम आहे. आपल्या सोयीचा भार न विचारता पुढच्याच्या माथी मारणे, हा लहानसा का होईना, अन्यायच.

आपल्या घरांतूनही असे प्रोग्राम चालतात. वाडीचा हिशेब, सातबाऱ्यातल्या नोंदी, भावाभावांतली तोंडी वाटणी, सारे एकट्या अण्णांच्या डोक्यात. अण्णा आहेत तोवर सारे सुरळीत! त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांना त्या १०२४ वाटांत चाचपडावे लागते, आणि पुष्कळदा ती वाट कोर्टात जाऊन थांबते. तेव्हा या दिवाळीत जळमटे काढून झाली, की अण्णांच्या शेजारी एक कोरी वही घेऊन बसावे. एका दिवसात एकच पान लिहावे, त्यांच्याकडून वाचून घ्यावे, आणि मगच दुसरे उघडावे.