भाग बदलले, घड्याळ तेच का?

जुना यांत्रिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेले घड्याळ, घरी उघडून साफ करणाऱ्याला तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न टाळता येत नाही. पनवेलसारख्या खाडीकाठच्या शहरात पावसाळी दमट हवा घड्याळाच्या पोटात शिरली की स्क्रू गंजतात. थकलेली मेनस्प्रिंग तर बदलावीच लागते. मग उरते ते तेच घड्याळ का? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? सुट्या भागांत रथ नाही. त्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. क्रोनोग्राफ याची साक्षच देतो. ताशी 18,000 ठोक्यांचे यंत्र सेकंदाचा पाचवा भाग मोजते, पण ट्रेमध्ये मांडलेल्या एकाही चाकात वेळ सापडत नाही.

यावर आक्षेप रास्त आहे. जुळणीच खरी असेल, तर मुंबईच्या बाजारात चार घड्याळांचे भाग जोडून, डायल नव्याने रंगवून विकली जाणारी घड्याळेही अस्सल ठरतील. ती अस्सल आहेत हे मला पटत नाही, कारण नागसेन रथापाशी थांबत नाही. रात्रभर जळणारी ज्योत तीच नसते आणि वेगळीही नसते, असे तो सांगतो. एका क्षणातून पुढचा उपजतो. झिजलेली स्प्रिंग बदलल्याने हा प्रवाह चालू राहतो. रंगवलेल्या डायलने घड्याळाचे वयच पुसले जाते आणि प्रवाह खोटा पडतो. म्हणून डायलला हात लावू नका, काढलेला भाग डबीत ठेवा आणि घड्याळ देताना तोही द्या.