वाट मोकळी असता

अमेरिकेत पुष्कळ राज्यांत सामान्य माणसाला मोटारीत पिस्तूल बाळगण्याची मुभा आहे. कुणी गाडी अडवली तर काय करावे, हे शिकवणारे वर्गही तिथे चालतात. हे ऐकून आम्हांला प्रथम वाटले, हे काय भलतेच!

पण त्या विद्येचे मर्म पाहू. मोटारीचा दरवाजा म्हणजे पातळ पत्रा. गोळी त्यातून आरपार जाते. काचेतून गेलेली गोळी वाट बदलते, कुणाला लागेल त्याचा नेम नाही. म्हणून जाणता शिक्षक आधी सांगतो की, पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर राखून थांबा, आणि संकट दिसताच गाडी काढून निघून जा. पिस्तूल सगळ्यांत शेवटी.

फ्लोरिडा राज्याने तर २००५ साली कायदा केला की, हक्काच्या जागेवरून माणसाने माघार घेतलीच पाहिजे असे नाही. ठीक आहे, पण मोकळीक म्हणजे आज्ञा नव्हे. वाट बंद आहे, गाडीत लेकरे आहेत, अशा वेळी त्यांना राखणाऱ्याला आम्ही पापी म्हणणार नाही. मात्र वाट मोकळी असता, ‘त्याने मला शिवी दिली’ एवढ्यासाठी जो थांबतो, तो लेकरांना राखीत नाही, आपल्या अहंकाराला राखतो.

आपल्यापाशी पिस्तूल नसेल. पण कुणी गाडी आडवी घातली की आपलाही हात शिवशिवतोच ना? तेव्हा वाचकहो, तेवढ्या क्षणी आपण कुणाला राखतो आहोत, हे ज्याचे त्याने पाहावे.