माळावरचे गवत कोणी राखायचे?

पावसाने दगा दिला असता माळावरचे उरलेसुरले गवत आपल्या शेळीला चारणे चूक आहे काय? कळसच्या बाजूच्या एखाद्या भूमिहीन कुटुंबाला हे विचारले तर ते रागाने पाहील, आणि तो राग रास्तच असेल. तरीही प्रश्न टाळता येत नाही.

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला व पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. नीरा-नरसिंगपूरला दोघींचा संगम. या दोन नद्यांमधल्या माळरानावर कळस आहे. नदीचा उगम म्हटला की आपल्याला भीमाशंकर आठवते. परंतु कळससारख्या माळावर पावसाळ्यात जे ओहोळ धरतात, तेही नदीचे उगमच. फरक इतकाच की सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि इकडे पर्जन्यछायेत वर्षाला सरासरी पाचशे मिलीमीटरच्या आसपास पडतो, तोही लहरी.

अशा माळावर अवर्षण आले म्हणजे नेमके काय होते? गवत वाळते, पण लगेच मरत नाही. मारवेल, शेडा ही बहुवर्षायू गवते; पाने जळून गेली तरी त्यांचे ठोंब जमिनीत जीव धरून असतात. हिवर आणि बोर खोल मुळांवर तग धरतात. तरवड हिरवाच दिसतो, कारण जनावर त्याला तोंड लावत नाही. खरा घात होतो तो पुढे. भुकेली जनावरे ठोंब मुळापर्यंत कुरतडतात, बी धरायला काडी उरत नाही. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी मारवेलीच्या जागी कुसळी माजते. कुसे आली की जनावर तिला शिवत नाही. उघड्या मुरमावरून पाणी न मुरता धावते, माती घेऊन जाते, आणि ओढा लवकर आटतो. मग लोक म्हणतात, देवी कोपली! आपण नवस-बळी सोडले ते कारणे शोधण्यासाठीच ना? येथे कारणांची साखळी उघड आहे, आणि तिच्यात पावसाइतकाच माणसाचाही हात आहे.

पण कोणत्या माणसाचा? राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी चराईबंदीने डोंगर हिरवे केले, हे खरे. मात्र चराईबंदीचा पहिला भार कोणावर पडतो? ज्याच्या बांधावर वैरण नाही, त्याच्यावर. नीरा डावा कालवा १८८५ पासून खाली वाहतो आहे. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, दुष्काळात उसाचे वाढे विकले जाते, आणि संयम मात्र दोन शेळ्यांच्या मालकिणीला शिकवला जातो. हा संयम नव्हे, ही सोय झाली. ज्याने अधिक घेतले त्याने आधी थांबावे, असे माझे मत आहे.

आपल्यालाही एक अवघड गोष्ट मान्य करावी लागेल. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मागणी होती. ती न्याय्यच होती. पण सरकारी कागदावरचे ‘पडीक’ म्हणजे पुष्कळदा असेच गवताचे माळ, चिंकारा आणि लांडगा यांचे घर. ओढ्याच्या माथ्यावरचा उथळ मुरूम नांगरला तर दोन वर्षांत बाजरीही येईना, आणि गवतही परतेना. भूमिहीनाला जमीन हवी ती खालची, पाण्याची. माथ्यावरचा मुरूम त्याच्या पदरात टाकणे ही फसवणूक आहे.

राहिला शेळीचा प्रश्न. बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, माथा बंद ठेवावा. पुढे गवत विळ्याने कापून न्यावे, ठोंब राखावेत. कापणीत पहिला वाटा ज्यांना शेत नाही त्यांचा. बंदीच्या महिन्यांत त्यांच्या जनावरांना वैरण कालव्याखालच्या बागायतदारांनी द्यावी. ग्रामसभेत हा शेवटचा मुद्दा मांडून पाहा, आणि किती हात वर होतात ते मोजा.