हसण्याचा व्यायाम आणि विनोदाचे वाचन

१३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांचा पहिला हास्यक्लब सुरू केला. एकमेकांना चुटके सांगायचे आणि पोटभर हसायचे, एवढीच योजना होती. पण दोनेक आठवड्यांत चांगले चुटके संपले. उरले ते चावट, नाहीतर कुणाला तरी बोचणारे. सभासद नाराज होऊ लागले, तेव्हा कटारियांनी विनोदालाच रजा दिली आणि नुसते हसणे ठेवले. हसू आणलेले असो की आलेले, शरीराला दोन्ही सारखेच, ही त्यामागची धारणा. आज गावोगावच्या बागांत सकाळी हात उंचावून जो हास्याचा गजर चालतो, तो या निर्णयातून जन्मला.

त्या गजराची थट्टा करण्याचे कारण नाही. मोठ्याने हसताना पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू कामाला लागतात, श्वास खोल जातो, नाडी थोडा वेळ वाढते आणि मग अंग सैलावते. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विनोदी चित्रफिती पाहून खळखळून हसलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आढळली. शरीरात तयार होणारी एन्डॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये त्यामागे असावीत, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय रोज सकाळी चार माणसे भेटतात, हा फायदा एकट्या राहणाऱ्या वृद्धांना वेगळा सांगावा लागत नाही.

अडचण पुढे आहे. ‘हसा आणि निरोगी राहा’ असे म्हणताना अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांचा दाखला हमखास दिला जातो. १९६४ मध्ये ते मणक्याच्या वेदनामय विकाराने अंथरुणाला खिळले. त्यांनी मार्क्स बंधूंचे चित्रपट पाहिले, परिचारिकेकडून विनोदी पुस्तके वाचून घेतली. दहा मिनिटे मनसोक्त हसले की दोन तास वेदनेविना झोप लागे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पण याच काळात त्यांनी क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेतली होती, वेदनाशामक गोळ्या थांबवल्या होत्या आणि इस्पितळ सोडून हॉटेलात मुक्काम हलवला होता. गुण नेमका कशाचा, हे एका रुग्णावरून कसे ठरवणार? कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये हाती घेतलेल्या दीर्घ अभ्यासातली हुशार मुले पुढे किती जगली, याचे विश्लेषण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आनंदी, विनोदी स्वभावाच्या मुलांपेक्षा शिस्तीची, नेटकी मुले दीर्घायुषी ठरली.

मग विनोदाचा आरोग्याशी संबंधच नाही का? नॉर्वेतला एक अभ्यास इथे महत्त्वाचा वाटतो. सुमारे ५३ हजार प्रौढांची पंधरा वर्षे नोंद ठेवून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात विनोदबुद्धीचे तीन भाग वेगळे मोजले होते : विनोद हेरण्याची आणि समजण्याची क्षमता, विनोदी माणसांची आवड आणि चटकन हसू येणे. मृत्यूचा कमी धोका जोडलेला आढळला तो पहिल्या भागाशी, तोही मुख्यतः स्त्रियांमध्ये. पुरुषांत फक्त जंतुसंसर्गाने होणाऱ्या मृत्यूंबाबत. उरलेल्या दोन भागांशी नाते दिसले नाही. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण किती हसलात यापेक्षा काय हेरलेत याला महत्त्व असू शकते, एवढी शंका तरी यावी. बागेतल्या व्यायामातून वगळले गेले ते नेमके हेच हेरणे. आणि ते शिकायचे तर वाचनासारखी दुसरी तालीम नाही.

चुटका एका दमात संपतो. विनोदी पुस्तक मात्र वाचकाला कामाला लावते. चिं. वि. जोशी हे बडोद्यात पालीचे प्राध्यापक. त्यांच्या विनोदी कथांचा नायक चिमणराव आपली फजिती स्वतःच, गंभीर चेहऱ्याने सांगतो. तो स्वतःला काय समजतो आणि आपल्याला तो कसा दिसतो, ही दोन चित्रे वाचकाला एकाच वेळी डोळ्यांपुढे धरावी लागतात. असे शंभर पाने केल्यावर ती नजर हळूच आपल्या घराकडे वळते, आणि तिथेही एक चिमणराव सापडतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र तर विनोदी पुस्तक म्हणून लिहिलेलेच नाही. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, इथून ही कहाणी सुरू होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, या हट्टाने अख्खे घर जेरीस आलेले. दुसऱ्या कुणी हे लिहिले असते तर तक्रारींचा पाढा झाला असता. लक्ष्मीबाई ते असे सांगतात की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही, तरी वडिलांविषयी तिरस्कार उपजत नाही. दुःख नाकारलेले नाही, कुणाला माफही केलेले नाही. फक्त दोन पावले मागे सरकून सारे पुन्हा पाहिले आहे. मन शाबूत ठेवणारी गोष्ट म्हणायची तर ती ही.

प्रत्येक विनोद हे करत नाही. दुसऱ्याच्या जातीवर, रंगावर, बोलीवर हसवणारा मजकूर आपल्या फोनवर रोज येतो. त्यानेही पोट हलते, एन्डॉर्फिनही कदाचित स्रवत असतील. पण नजर होती तिथेच राहते. पहिल्या हास्यक्लबाचे चुटके दोन आठवड्यांत नासले. चिमणराव अजून वाचला जातो. फरक इथे आहे.

म्हणूनच आजाऱ्याच्या उशाशी विनोदी पुस्तक ठेवून ‘वाच, बरे वाटेल’ म्हणणे मला पटत नाही. कळ सोसणाऱ्याला हसण्याची सक्ती करणे हा जाच आहे, आणि औदासीन्याच्या विकाराला डॉक्टरच लागतो. ही नजर गोळीसारखी आयत्या वेळी घेता येत नाही. ती हातीपायी धड असतानाच, पानापानाने कमवावी लागते. विनोदी वाचनाला आपण फावल्या वेळची करमणूक मानतो आणि मुलांच्या हाती आधी बोधपर पुस्तके देतो. तो क्रम बदलायला हवा. रोज सकाळी जोरात हसायला हरकत नाही. पण स्वतःवर हसता येणारी पिढी हवी असेल, तर तिच्या हाती चिं. वि. आणि लक्ष्मीबाई वेळेवर द्यावे लागतील.