वेढ्यातील खरेदीखत



वाईट दिवस आले की आपण हात आखडता घेतो. घरात आजारपण आहे, मुलाची नोकरी गेली आहे, अवकाळी पावसाने भात आडवा झाला आहे. अशा वेळी नवे काही सुरू करण्याचे धाडस होत नाही. आधी हे निभावू दे, मग बघू, असे आपण म्हणतो आणि प्रार्थनाही तेवढ्यापुरतीच करतो. संकट टळेल अशी खात्री म्हणजे आशा, असा आपला समज झाला आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ३२ वा अध्याय हा समज मोडून काढतो.

इ.स.पूर्व ५८७ च्या सुमाराची ही घटना. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. शहर पडणार, हे यिर्मया उघडपणे सांगत होता. म्हणून राजा सिद्कीयाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत ठेवले होते. तिथे त्याचा चुलतभाऊ हनमेल आला. अनाथोथचे आपले शेत यिर्मयाने विकत घ्यावे, असे त्याचे म्हणणे. अनाथोथ तिथून जेमतेम पाच किलोमीटर, पण मध्ये शत्रूची छावणी! आपल्याला कोणी असा सौदा सुचवला असता, तर त्या नातेवाइकाच्या हेतूबद्दल आपण काय बोललो असतो, ते सांगायला नको.

यिर्मयाने शेत घेतले, कारण देवाने तसे सांगितले होते. १७ शेकेल चांदी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखला सांगितले. सातबारा जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे सारे ओळखीचे वाटेल. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, या देवाच्या वचनावर तो व्यवहार झाला होता.

पैसे मोजून झाल्यावर मात्र यिर्मया देवालाच विचारतो: शहर शत्रूच्या हाती चालले आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? त्याची शंका फिटली नव्हती, तरी सह्या झाल्या होत्या. आमचा विश्वास कमी पडतो, असे म्हणून मागे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शहर पडले. मंदिर जळाले. पुढे यिर्मयाला मिसर देशात नेण्यात आले; त्या शेतात त्याने पेरणी केल्याची नोंद कुठेही नाही. देवाचे वचन क्रूसाला वळसा घालून येत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा होत्याच, त्या थॉमसने पाहिल्या. याच यिर्मयाने आदल्या अध्यायात नव्या कराराची घोषणा केली होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने प्याला हाती घेऊन त्याच कराराचे नाव घेतले, आणि त्याचे वाटेकरी म्हणून आपण दर रविवारी वेदीभोवती जमतो.

मग आपण काय करावे? ज्या घरचा कर्ता माणूस गेला, तिथल्या मुलीची कॉलेजची फी शेजाऱ्यांनी मिळून भरावी. अबोला धरलेल्या भावाला आपणच फोन करावा. आजोबांनी वाडीत आंब्याचे कलम लावावे, फळ कोण खाणार हे विचारू नये.

इ.स.पूर्व ५३८ मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याने यहूद्यांना मायदेशी परतू दिले. परतणाऱ्यांची लांबलचक यादी एज्राच्या ग्रंथात आहे. आपण ती सहसा चाळतही नाही. तिच्यात, गावागावांच्या आकड्यांमध्ये, अनाथोथच्या १२८ पुरुषांची नोंद आहे.